सिंगर वाचायचा तर गुडघाभर पाण्यातून: कोल्हापुरात सहा बैठकांचं वाचनमंडळ

प्राण्यांचं दुःख आणि गरिबांना मदत यांवर लिहिणारा ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर याच्यावर चर्चा ठेवली की पहिल्या अर्ध्या तासात ती दोनपैकी एका वाटेला लागते. एक, "म्हणजे आता रस्सा सोडायचा का?" दुसरी, "देणग्या देऊन कुठं गरिबी हटते व्हय?" प्रश्न दोन्ही रास्त आहेत, पण ते शेवटच्या पानावरचे आहेत. सिंगर माणसाला तिथवर नेतो ते दोन-तीन अगदी साध्या विधानांवरून. ती मान्य केली की पुढं सुटका अवघड होते. म्हणून मंडळ चालवणाऱ्यानं एकच गोष्ट सांभाळायची: लोकांना त्या विधानांपाशी रोखून धरायचं. पटलं की नाही, हे मागाहून.

माणसं आठ ते दहा. सहापेक्षा कमी असली की एकच जण बोलतो, बारापेक्षा जास्त झाली की मागची रांग मोबाईल काढते. बैठका सहा, पंधरा दिवसांनी एक, प्रत्येकी दीड तास (चौथी आणि पाचवी सोडून). चहा शेवटी. मध्ये चहा आला की वाद तुटतो आणि परत जुळत नाही.

सुरुवात कुठून करायची, यावर निम्मं यश ठरतं. बहुतेक जण सिंगरचं 'प्रॅक्टिकल एथिक्स' हे पुस्तक पहिल्या पानापासून धरतात. पहिलं प्रकरण नीतिशास्त्र म्हणजे काय याबद्दल आहे, आणि तिथंच तीन माणसं गळतात. त्याऐवजी 'फॅमिन, ॲफ्लुअन्स अँड मोरॅलिटी' हा त्याचा निबंध घ्या. १५ पानांचा आहे, १९७२ साली छापला गेला आणि इंटरनेटवर सहज मिळतो. पुस्तक दुसऱ्या बैठकीपासून लागेल. घेताना आवृत्ती बघून घ्या. पहिली १९७९ ची, दुसरी १९९३ ची, तिसरी २०११ ची. दुसऱ्या आवृत्तीत निर्वासितांवर प्रकरण होतं. तिसरीत ते काढून हवामानबदलावरचं घातलं. निम्म्यांकडे दुसरी आणि निम्म्यांकडे तिसरी असली की पानांचे आकडे जुळत नाहीत आणि वीस मिनिटं पानं शोधण्यात जातात. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात किंवा आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात आधी चौकशी करा. मिळालं तर एकाच प्रतीवरून लागणारी प्रकरणं वाचता येतील.

मजकूर इंग्रजी, चर्चा मराठी. त्यामुळे चार शब्द पहिल्याच दिवशी फळ्यावर ठरवून घ्या. सिंगरच्या 'इंटरेस्ट'ला 'हितसंबंध' म्हणू नका. मराठीत त्या शब्दाला कारखान्याच्या निवडणुकीचा वास येतो. नुसतं 'हित' म्हणा. 'पर्सन'ला 'व्यक्ती' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर माणूसच येतो. सिंगरच्या लेखी मात्र तो शब्द आपण काल होतो आणि उद्या असू हे ज्याला कळतं अशा जीवासाठी आहे. काही माणसं त्यात बसत नाहीत, काही प्राणी बसतात. म्हणून 'आत्मभान असलेला जीव' असं लांबलचक का होईना, पण तेच म्हणा. 'युटिलिटेरियनिझम'ला 'उपयुक्ततावाद' रूढ आहे, तो ठेवा, पण कामाला येईल ते चांगलं असा त्याचा अर्थ नाही हे सांगून ठेवा. सर्वांचं सुखदुःख सारख्या मापानं मोजून, ज्यातून एकूण भलं जास्त होईल ते करणं, हा अर्थ. चौथा शब्द 'दान'. तो पहिल्या बैठकीतच अडकतो.

चरित्र आधी सांगत बसू नका. जिथं वादात उपयोगी पडेल तिथं तेवढाच तुकडा सांगा.

पहिली बैठक: ओढा आणि चपला

निबंधातलं उदाहरण असं: उथळ तळ्यात लहान मूल बुडतंय, तुम्ही शेजारून चाललाय. आत उतरलात तर कपडे चिखलानं भरतील. उतरायचं की नाही? सगळे म्हणतात उतरायचं.

हे उदाहरण कोल्हापुरात सांगताना हमखास चूक होते ती रंकाळा घेण्याची. रंकाळा म्हटलं की कोणीतरी लगेच म्हणतो, "मला पोहता येत नाही." झालं, वाद संपला, कारण आता जिवाला धोका आला. शेततळंही घेऊ नका. प्लास्टिकच्या निसरड्या कागदावरून वर येता येत नाही, वाचवायला उतरलेलाही बुडतो, आणि हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. सिंगरच्या उदाहरणात धोका शून्य असणं हाच कणा आहे. गुडघाभर पाण्याचा ओढा घ्या. कपड्यांच्या जागी पायात कालच घेतलेली कोल्हापुरी चप्पल घाला. पाण्यात भिजली की कातडं फुगतं, शिवण सुटते, चप्पल कामातून जाते. काढून ठेवायला वेळ नाही. नुकसान खरं आहे, मोजता येतं, पण मुलाच्या जिवापुढं काहीच नाही. नंतरच्या लेखनात सिंगर स्वतःच बुटांचं उदाहरण देतो, त्यामुळे हा बदल त्याच्या वादाशी इमान राखूनच आहे.

मग विधान फळ्यावर लिहा: काही फार वाईट घडत असेल, ते टाळणं आपल्या हातात असेल, आणि तेवढ्याच नैतिक मोलाचं काही त्यासाठी गमवावं लागत नसेल, तर ते टाळलंच पाहिजे. याच्या खाली निबंधातलीच सौम्य आवृत्ती लिहा: 'तेवढ्याच मोलाचं' ऐवजी 'नैतिकदृष्ट्या महत्त्वाचं काहीही'. पहिल्यानुसार स्वतः जवळजवळ गरीब होईपर्यंत देत राहावं लागतं. दुसरीनुसार निदान चैनीवरचा खर्च थांबवावा लागतो. सिंगरला पहिली बरोबर वाटते, पण वाद दुसरीवरही उभा राहतो. हा फरक फळ्यावर राहिला नाही तर पुढं प्रत्येक जण कडक आवृत्तीवर हल्ला करतो आणि सौम्य आवृत्ती खोडली असं समजतो.

आता चिठ्ठ्या. प्रत्येकानं नाव न घालता तीन आकडे लिहायचे. ओढ्यातल्या मुलासाठी किती रुपयांचं नुकसान सोसाल? शिरोळकडं पुरात घर गेलेल्या कुटुंबातल्या मुलाचा जीव वाचणार असेल तर किती द्याल? नावही न ऐकलेल्या दूरच्या गावात, आजारानं जाणाऱ्या मुलासाठी किती? तोंडी विचारू नका. पहिल्यानं सांगितलेल्या आकड्याच्या आसपासच बाकीचे घुटमळतात. चिठ्ठ्यांतले आकडे बहुतेक वेळा झरझर उतरतात, आणि मग विचारायचं: तिन्ही ठिकाणी मूल तेच असेल तर फरक कशाचा? अंतराचा? दिसण्या-न दिसण्याचा? की आपल्या पैशानं खरंच जीव वाचेल या खात्रीचा? तिसरं कारण टिकतं. पहिल्या दोघांना सिंगर कारणच मानत नाही. जवळच्याला मदत करण्याकडे आपला कल असतो हे तो नाकारत नाही. तो फक्त विचारतो, की कल असणं म्हणजे बरोबर असणं का?

निबंधाचा काळही इथंच सांगा, कारण तो आपल्या अंगणातला आहे. पहिलंच वाक्य नोव्हेंबर १९७१ मधल्या पूर्व बंगालबद्दल आहे. तेव्हा ९० लाख निर्वासित भारतात आले होते. सिंगर आकडे मांडतो: एक वर्ष त्यांना जगवायला ४६ कोटी ४० लाख पौंड लागणार, आणि जगभरातून मिळून आले होते सुमारे साडेसहा कोटी, म्हणजे सातवा हिस्सा. ब्रिटननं दिले १ कोटी ४७ लाख ५० हजार, तर काँकॉर्ड विमानावर ब्रिटनच्या वाट्याला आलेला, परत न मिळणारा खर्च २७ कोटी ५० लाखांच्या वर गेला होता. पंचविशीतला, ऑक्सफर्डमध्ये शिकवणारा हा ऑस्ट्रेलियन तरुण स्वतःच्या सरकारचा हिशेबही सोडत नाही. सिडनीच्या ऑपेरा हाऊसच्या खर्चाच्या बाराव्या हिश्श्याइतकीही ऑस्ट्रेलियाची मदत नव्हती.

आपल्याकडं इथं एक आक्षेप येतोच, आणि तो इंग्लंड-अमेरिकेतल्या वर्गांत सहसा येत नाही: "तो प्रश्न देणग्यांनी सुटलाच नाही. डिसेंबरमध्ये युद्ध झालं, बांगलादेश झाला, लोक परत गेले." उत्तम आक्षेप आहे, दाबू नका. तो कुठल्या शब्दावर बसतो ते विचारा. 'टाळणं आपल्या हातात असेल' यावर. विधानात देणगी हा शब्दच नाही. साधन कुठलंही असू शकतं. सिंगर स्वतः १९९६ मध्ये ग्रीन पक्षाकडून ऑस्ट्रेलियाच्या सेनेटची निवडणूक लढला आणि हरला. राजकारणानं जास्त भलं होत असेल तर राजकारण करा, हे त्याच विधानात बसतं. बसत नाही ते "हे सरकारचं काम" म्हणून दोन्हीही न करणं.

शेवटची पंधरा मिनिटं 'दान' या शब्दाला. देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं कोरलेल्या फरशा आठवा. दान म्हणजे दिलं तर पुण्य, नाही दिलं तर पाप नाही. सिंगर नेमकं हेच मोडतो. ओढ्यात न उतरणाऱ्याला आपण 'पुण्य हुकलं' म्हणत नाही, दोष देतो. मग तिसऱ्या चिठ्ठीवरच्या मुलाबाबत दोष का नाही? बैठक इथंच थांबवा. उत्तर काढायची घाई करू नका.

दुसरी बैठक: समान विचार म्हणजे समान वाटप नव्हे

'प्रॅक्टिकल एथिक्स'चं दुसरं प्रकरण. यातलं भूकंपाचं उदाहरण पुरेसं आहे. दोन जखमी, मॉर्फिनची दोनच इंजेक्शनं. एकाचा पाय चिरडलाय, दुसऱ्याच्या मांडीला जखम आहे. एकेक वाटलं तर पहिला अजून तळमळतोच. दोन्ही पहिल्याला दिली तर दोघांच्या वेदना साधारण बरोबरीला येतात. म्हणजे दोघांच्या हिताचा सारखाच विचार केल्यामुळे वाटप असमान झालं.

हे पचल्याशिवाय आरक्षणाकडं वळू नका, नाहीतर पुढचा तास परिचित घोषणांत जाईल. प्रकरणात अमेरिकेतल्या ॲलन बाकी याच्या, वैद्यकीय प्रवेशातल्या राखीव जागांवरच्या खटल्याची चर्चा आहे, पण कोल्हापुरात बसून तिथं कशाला जायचं? २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखण्याचा हुकूम काढला. तो हुकूम भूकंपाच्या उदाहरणाशेजारी ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: इथं वेदना कुठली आणि इंजेक्शन कुठलं? नोकरी हे इंजेक्शन म्हणणारे आणि प्रतिनिधित्व हे इंजेक्शन म्हणणारे, असे दोन गट पडतात. दोघांनाही आपलं म्हणणं हितांच्या भाषेत मांडायला लावा. 'गुणवत्ता' शब्द आला की विचारा, कुणाच्या हितासाठी?

तिसरी बैठक: रस्सा

इथं जपून. महाराष्ट्रात शाकाहाराला जातीचा आणि सोवळ्याचा इतिहास आहे. प्राण्यांवरची चर्चा दहा मिनिटांत 'आमचं खाणं घाण का?' इथं येते, आणि ते दुखणं खरं आहे. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करा: सिंगरच्या वादाचा शुद्धतेशी, धर्माशी, अगदी प्राणिप्रेमाशीही संबंध नाही. तो इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमच्या १७८९ मधल्या प्रश्नावर उभा आहे: प्राण्याला विचार करता येतो का, बोलता येतं का, हे गौण आहे, त्याला दुःख होतं का हे बघा. दुःख होत असेल तर प्रजाती वेगळी म्हणून ते कमी भावानं मोजायचं कारण काय? या भेदाला रिचर्ड रायडर या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या सुमारास नाव दिलं, मराठीत 'प्रजातिवाद' म्हणू. सिंगरनं १९७५ च्या 'ॲनिमल लिबरेशन'मधून ते जगभर नेलं. या सगळ्याची सुरुवात ऑक्सफर्डमधल्या बेलिऑल कॉलेजच्या जेवणाच्या टेबलावर झाली. रिचर्ड केशन नावाच्या विद्यार्थ्यानं स्पॅगेटीच्या सॉसमध्ये मांस आहे का विचारलं, आहे म्हटल्यावर सॅलड घेतलं, आणि सिंगरनं कारण विचारलं.

मग कोल्हापुरी ताट त्याच मापानं मोजायला द्या. चार वस्तू: डोंगरावर चरलेल्या बकऱ्याचा तांबडा रस्सा, ब्रॉयलर कोंबडी, पिंजऱ्यातल्या कोंबडीचं अंडं, आणि म्हशीचं दूध. कुठली वस्तू किती दुःखातून येते, त्या क्रमानं लावा. बहुतेक जण मटण सगळ्यात वर ठेवतात. सिंगरचं माप लावलं तर पिंजऱ्यातलं अंडं आणि ब्रॉयलर वर जातात, कारण तिथं जनावराचं सगळं आयुष्यच त्रासात जातं. बकऱ्याचा प्रश्न वेगळा आहे: चांगलं जगलेल्या जीवाला मारणं कितपत वाईट? त्यावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे आणि तिथं सिंगरचं उत्तर इतकं ठाम नाही. आणि दूध? म्हशीला रेडा झाला तर त्याचं पुढं काय होतं, हे मंडळात गोठा असलेला कोणी असेल तर त्याला सांगू द्या. या माहितीनंतर शाकाहारी मंडळींच्या चेहऱ्यावरचं समाधान कमी होतं, आणि चर्चा खऱ्या अर्थानं सुरू होते. पहिल्या बैठकीतल्या चपलेचं कातडंही कोणीतरी काढेलच. काढू द्या.

बैठकीनंतर मटणाचा बेत ठेवू नये असं काही नाही. फक्त तो आधी ठरवलेला नसावा. नाहीतर सगळे भूक लागल्यासारखे वाद घालतात.

चौथी आणि पाचवी: जिथं खुर्च्या सरकतात

चौथीत जगणं-मरणं, पाचवीत सिंगरचे विरोधक. दोन्हींसाठी दोन-दोन तास ठेवा.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. मारणं आणि मरू देणं यांत आपण मानतो तेवढा नैतिक फरक नाही. नवजात बाळाला अजून आत्मभान नसतं. काही गंभीर अपंगत्वांत, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, त्याचं आयुष्य संपवण्याचा निर्णय आईवडिलांना घेता यावा. हे सौम्य करून सांगू नका, आणि भडक करूनही नको. १९८९ मध्ये जर्मनीत यावरून त्याची व्याख्यानं उधळली गेली, रद्द झाली. त्याचे आईवडील १९३८ मध्ये व्हिएन्नाहून ऑस्ट्रेलियात पळून आलेले ज्यू, आणि चारपैकी तीन आजी-आजोबा नाझींच्या छळात गेलेले. तरी त्याच्यावर नाझींच्याच वाटेनं चालल्याचा आरोप झाला. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात नेमणूक झाली तेव्हा अपंगांच्या संघटनांनी निदर्शनं केली आणि स्टीव्ह फोर्ब्स या उद्योगपतीनं देणगी रोखली.

नियम एक: अपंग सदस्य असेल तर त्याला 'उदाहरण' करायचं नाही. त्याला बोलायचं असेल तर बोलू द्या, नसेल तर प्रश्न त्याच्याकडं वळवू नका. आणि सिंगरच्या प्रकरणाबरोबर हॅरिएट मॅकब्राइड जॉन्सन यांचा २००३ चा लेख वाचायलाच हवा. त्या वकील होत्या, जन्मजात स्नायूंच्या आजारामुळे व्हीलचेअर वापरत होत्या, आणि प्रिन्स्टनला जाऊन सिंगरशी समोरासमोर वाद घातला. तुझ्या आयुष्याची किंमत कमी आहे, असं सभ्यपणे म्हणणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं, याचा तो वस्तुपाठ आहे. आमच्या मते या विषयावर सिंगरपेक्षा तोच लेख जास्त शिकवतो.

मारणं आणि मरू देणं यासाठी परदेशी खटले नकोत. अरुणा शानबाग प्रकरण घ्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका, १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत भान हरपलेल्या अवस्थेत तिथंच. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला मरू द्यावं ही विनंती फेटाळली, पण काही अटींवर उपचार थांबवण्याचा मार्ग खुला केला. २०१८ मध्ये आगाऊ लिहून ठेवलेल्या इच्छापत्रालाही मान्यता दिली. त्या वॉर्डातल्या परिचारिका तिची काळजी घेत राहिल्या आणि तिला मरू द्यायला त्यांचा विरोध होता. त्या परिचारिकांचं हित सिंगरच्या गणितात कुठं बसतं, हा प्रश्न टाका आणि गप्प बसा.

पालकांच्या निर्णयाबाबत महाराष्ट्रात आणखी एक अडचण येते. गर्भलिंगनिदानावर देशाचा कायदा १९९४ मध्ये झाला, त्याआधी १९८८ मध्ये महाराष्ट्रानं स्वतःचा केला. तो करावा का लागला, हे सांगायची गरज नाही. 'आईवडिलांना काय हवं' यावर बाळाचं जगणं सोपवणारा वाद इथं वापरायचा असेल, तर मुलगी नको असणाऱ्या आईवडिलांना तो कुठं अडवतो, ते दाखवावं लागेल. अपंगत्वामुळे येणारं दुःख आणि समाजानं लादलेलं दुःख वेगळं करता येतं का? इथं दोन तास सहज जातात.

पाचवीत विरोधकांतला एकच धरा, ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स. त्याचा आक्षेप असा, की दर वेळी एकूण भल्याचं गणित मांडायला लावलं तर माणूस स्वतःच्या आयुष्याच्या कामांपासून, नात्यांपासून तुटतो. आपल्याकडं हा आक्षेप वेगळ्या तोंडानं येतो: "आधी बहिणीचं लग्न, भावाचं शिक्षण, मग जग." सिंगरच्या आईला अल्झायमर झाला तेव्हा त्यानं तिच्या देखभालीवर बराच खर्च केला, आणि टीकाकारांनी ते त्याच्या तोंडावर फेकलं. यातून तो ढोंगी ठरतो की तत्त्व अशक्य ठरतं, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. मंडळी ते हमखास एकत्र करतात. त्याचं मत बदलतंही, हे इथं सांगायला हरकत नाही. आधी तो पसंती, म्हणजे ज्याला जे हवंय ते मिळतं का, हे मोजायचा, २०१४ च्या पुस्तकापासून सुखदुःख मोजायला लागला.

सहावी बैठक: कागद आणि पेन

शेवटच्या बैठकीत वाद नाही, हिशेब. प्रत्येकानं एका कागदावर वर्षाचं हातात येणारं उत्पन्न, घरची बांधलेली देणी आणि राहिलेल्यातली खरी चैन, असं लिहायचं. चैन कशाला म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, पण लिहिल्यावर खोडायचं नाही. मग टक्का. सिंगर आणि त्याची पत्नी रेनाटा यांनी १९७० च्या दशकात उत्पन्नाच्या १० टक्क्यांपासून सुरुवात केली. आता तो सामान्य कमाईच्या माणसाला १ टक्क्यापासून सुरू करायला सांगतो. पहिल्याच वर्षी १० टक्के लिहिणारे बहुधा तिसऱ्या महिन्यात सोडतात. १ टक्का महिन्याला बँकेतून आपोआप वळता केला तर तो टिकतो.

कुणाला द्यायचं? संस्था धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेली आहे का, लेखापरीक्षण झालेले हिशेब दाखवते का, हे आधी बघा. मग विचारा: एका रुपयात नेमकं काय होतं, आणि उद्या दुप्पट पैसे आले तर दुप्पट काम होईल का? 'कार्यालयीन खर्च फक्त ५ टक्के' या पाटीला भुलू नका. निरुपयोगी काम स्वस्तात करणारी संस्था निरुपयोगीच असते. पूर आला की हा हिशेब हातातून सुटतो. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेलं की फोन सुरू होतात, ४३ ओलांडलं की जो तो जुने कपडे बांधून निघतो. जे हवंय ते विचारून द्या, आणि शक्यतो पैसे द्या. पाणी ओसरल्यावर महिनाभरानं काय लागतं, त्यासाठी निम्मे राखून ठेवा.

आयकराची सूट हवी असेल तर २,००० रुपयांवरची रक्कम रोख देऊ नका. पावती आणि संस्थेचं देणगी प्रमाणपत्र मागून घ्या. नव्या करप्रणालीत ही सूट नाही, हे आधी तपासा.

कागद पाकिटात घालून बंद करायचा, वर नाव, तारीख. पाकिटं एकाकडं ठेवायची. बारा महिन्यांनी त्याच दिवशी सातवी बैठक, आणि तिथं फक्त पाकिटं फोडायची.